टॉकीजचं पाणी

लातूर जिल्हा झाला आणि लातूरकरांची चाल बदलली. कालपर्यंत कागद घेऊन उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं गंजगोलाईत उभं राहून "आपल्या कलेक्टरला सांगतो" असं बोलू लागली. कलेक्टर भाड्याच्या इमारतीत बसत होता, कारकुनांना खुर्च्या पुरत नव्हत्या, आणि जिल्ह्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रात ढोरं वाळू हुंगत फिरत होती. नळाला पाणी कधी येईल हे नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं. पण लग्नघरात मयताचं कोणी बोलत नाही, तसं पाण्याचं झालं होतं. जिल्हा मिळालाय ना? मग गप बसा.

त्यातच शिवमूर्ती अप्पाच्या टॉकीजवर बोर्ड चढला. 'सात मुल्कों का जासूस'. हिरोच्या दोन्ही हातांत पिस्तुलं, मागं पेटलेलं विमान, खाली पाणबुडी आणि पाणबुडीवर थंडी न वाजणारी एक बाई. करोडो रुपये ओतून सात देशांत काढलेला पिक्चर, असं टांग्यातला भोंगा दिवसभर बोंबलत होता. आधी असले पिक्चर नांदेडला लागायचे. तिथं त्यांची पार चाळणी झाली की मग रिळांचे डबे एसटीच्या टपावरून लातूरला यायचे. हिरोला गोळी लागायची आणि पुढच्या क्षणी तो लग्नात नाचायचा, कारण मधलं रीळ नांदेडातच खलास झालेलं. आता तसं नव्हतं. नांदेड आणि लातूर, एकाच शुक्रवारी. शिवमूर्ती अप्पानं टॉकीजच्या दोन्ही भिंतींत हत्तीएवढे कूलर बसवले होते. जिल्ह्याच्या गावाला टॉकीज थंडगार पाहिजे, असं त्याचं म्हणणं. डाळमिलवाला माणूस, पैसा होता, हौसही होती.

हा पिक्चर बघावा की न बघावा, हे मात्र गाव रेवणसिद्धाला विचारून ठरवणार होतं.

रेवणसिद्ध छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण उलट्या अक्षरांत झालं. दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, साहित्यिकांच्या मिळमिळीत कविता जुळवता जुळवता त्याला कळलं की आपल्याला यांच्यापेक्षा बरं लिहिता येतं. छापखान्याचा मालक शेषेराव एक साप्ताहिक काढायचा. त्यात रेवणसिद्ध 'शुक्रवारचा खेळ' लिहायचा. कागदावर नाही, थेट खिळ्यांत. टॉकीजची जाहिरात पहिल्या पानावर असली तरी तिसऱ्या पानावर हा गडी पिक्चरची सालटी काढायचा. हमाल, कारकून, डी.एड.च्या पोरी, सगळे वाचायचे. माणूस फटकळ आहे पण इमानी आहे, एवढी एकच कमाई त्याची गावात होती.

घरी मात्र दुसरंच चाललं होतं.

रेवणसिद्धाची आई गुरम्मा, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. गळ्यात लिंग बांधलेली लिंगायत बाई. सकाळी उठून अंग धुवायचं, भस्म लावायचं, डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्याच्यावर पाणी घालायचं, बेल वाहायचा. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिनं पूजा चुकवली नव्हती. उन्हाळा चढला तशी अव्वानं आंघोळ सोडली, ओल्या फडक्यानं अंग पुसू लागली. मग लिंगावर गडूऐवजी पळीभर पाणी घालू लागली. आणि एका सकाळी घरात पळीभरही उरलं नाही. उरला तो पिण्याचा माठ, तोही अर्धा, लेकरांसाठी झाकून ठेवलेला.

अव्वा तळहातावर लिंग घेऊन तशीच बसून राहिली. उन्हं अंगणात आली तरी हलेना.

"अव्वा, माठातलं घ्या की फुलपात्रभर," सून नीलाबाई म्हणाली.

"लेकरांच्या तोंडचं काढून देवाला घालू? गोड लागंल का त्येला?"

"मग दोन घोट तुम्ही तरी प्या. ओठ फुटायलेत तुमचे."

"पूजा न्हाई अन् पाणी पिऊ? येड लागलं का तुला?"

दुपारी शेजारची केवळाबाई नगरपालिकेच्या टँकरच्या गर्दीतून लुगडं फाडून घेऊन आली आणि कळशीतलं तांब्याभर ओतून गेली, तेव्हा कुठं अव्वाची पूजा झाली. तोवर म्हातारीची मान कलंडायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रेवणसिद्ध आईवर ओरडला. "देव काय म्हणतो का तुला, तहानेनं मर म्हणून?"

अव्वा शांतपणे म्हणाली, "तू पिक्चरबद्दल खोटं लिव्हतूस का? न्हाई ना? मग तुझं तुला, माझं मला."

तो चपला घालून छापखान्याकडं निघाला.

शुक्रवारी तीनच्या खेळाला रेवणसिद्ध टॉकीजला गेला. बाहेर रस्ता चटके देत होता. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. वाळ्याचा वास, ओला गारवा. खुर्च्यांवर माणसं डोळे मिटून बसली होती. पिक्चर सुरू व्हायच्या आतच अर्ध्या लोकांचे पैसे वसूल झाले होते.

मग सुरू झाला तो करोडोंचा तमाशा. हिरो हेर होता, पण हेरासारखं त्यानं एक काम केलं नाही. लपायचं तिथं तो गाणं म्हणायचा. लाल कोट घालून बर्फात पळायचा आणि शत्रूच्या शंभर माणसांना तो दिसायचा नाही. नटी दर देशात नव्या तलावात पोहायची. बंदुकीतून गोळ्या संपायच्या नाहीत, खलनायकाचं बोलणं संपायचं नाही. कथा म्हणाल तर हाताच्या तळव्यावर मावेल एवढी. खलनायकाला देशातलं सगळ्यात मोठं धरण उडवायचं होतं. का उडवायचं होतं, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

आणि मग पडद्यावर ते धरण आलं. काठोकाठ. निळं पाणी, क्षितिजापर्यंत पाणी, पडद्याच्या चारी कोपऱ्यांत पाणी. शिट्ट्या थांबल्या, विड्या हातातच राहिल्या. खलनायकानं बॉम्बच्या खटक्यावर हात ठेवला आणि मागच्या बाकड्यावरून कोणीतरी म्हातारा ओरडला, "आरं फोड की! बघत काय बसलास, फोड!"

"फोड! फोड!" सगळी पब्लिक उठली. "येऊ दे पाणी!"

लातूरची पब्लिक खलनायकाच्या बाजूनं उभी राहिलेली रेवणसिद्धानं पहिल्यांदाच पाहिली. हिरोनं ऐनवेळी तार तोडली, धरण वाचलं, देश वाचला. पब्लिकनं हिरोला आईमाईवरून शिव्या घातल्या आणि उन्हात निघून गेली.

रेवणसिद्धाच्या डोक्यात वाक्यं जुळून तयार होती. एवढ्या पैशांत मराठवाड्यात किती विहिरी झाल्या असत्या, इथून सुरुवात. घरी बसा, इथं शेवट. तो दारातून बाहेर पडणार तेवढ्यात शिवमूर्ती अप्पानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, तोंडात पान.

"काय रेवण, कसा वाटला?"

"भंगार."

अप्पा हसला. "माहीत हाय मला. मुंबईत बसून काढणाऱ्याला काय कळतंय? चल, तुला एक दाखवतो."

त्यानं रेवणसिद्धाला टॉकीजच्या मागं नेलं. पत्र्याच्या शेडखाली सिमेंटची टाकी होती. कूलरचं पाणी त्यातून चढायचं, भिंतीतून झिरपून परत त्यातच पडायचं. टाकी गच्च भरलेली. रेवणसिद्ध काठाशी उभा राहिला आणि पडद्यावरचं धरण बघताना पब्लिकचं जे झालं होतं तेच त्याचं झालं.

"मठात ऐकलं, अव्वाची पूजा खोळंबायली म्हणं," अप्पा म्हणाला. त्याचा आवाज खरंच हळवा झाला होता. "आपल्यातल्या म्हातारीला लिंगावर घालायला पाणी मिळू नये, अन् माझ्या टाकीत हे असं. मला झोप लागंल का? रोज सकाळी येऊन घागर भरून ने. मात्र पिऊ नका हां. आमच्या मळ्यातल्या पडक्या आडाचं हाय. बाकी सगळ्याला चालतंय."

"अन् त्याच्या बदल्यात?"

"बदल्यात काय? देवाच्या कामाला बदला असतो का? तू तुझं लिही." अप्पानं पानाची पिंक टाकली. "फक्त एवढं बघ, रेवण. जिल्हा झाल्यावरचा पहिला मोठा पिक्चर हाय. पहिल्याच घासाला केस नको लागू देऊ."

रेवणसिद्धाला सगळं समजलं. समजूनही त्यानं शेडमधली एक घागर भरून घेतली.

छापखान्यात तो खिळ्यांच्या खणांपुढं उभा राहिला. मग बोटं चालू लागली. 'डोळ्यांचं पारणं फिटावं असा भव्य पट. सात देशांचं दर्शन. शेवटच्या धरणाच्या दृश्याला अख्खं टॉकीज उठून उभं राहतं.' यात एक शब्द खोटा नव्हता, हीच त्याची चलाखी. 'जिल्ह्याच्या लोकांनी सहकुटुंब बघावा.' हे मात्र धडधडीत खोटं होतं.

शेषेरावानं मुद्रित वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "रेवण, ताप आला का तुला?"

"छापायचं का न्हाई ते सांगा."

"छापतो की. टॉकीजची जाहिरात तरी टिकली. पण खरं सांगू का, तू शिव्या घालत होतास तेव्हा मला तुझा धाक होता. आता न्हाई राहिला."

पिक्चर धो धो चालला. औसा, निलंगा, रेणापूरहून माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून आली. चहाच्या हॉटेलात एका हमालानं रेवणसिद्धाला गाठलं. "काय रेवणप्पा, तुमच्या शब्दावर बायकोला घेऊन गेलतो. ती म्हणली, ह्या बाबाला दुसरा पिक्चर दावू नका, ह्याचे डोळे गेलेत." हॉटेल खदाखदा हसलं. रेवणसिद्धही हसला. चहा अर्धा टाकून उठला.

पण घरी अव्वाची पूजा होत होती. आता पळी नव्हे, चांगला गडूभर पाणी लिंगावर पडत होतं. अव्वाच्या तोंडावर तजेला आला. "शिवमूर्तीचं कल्याण होईल," ती रोज म्हणायची. नीलाबाईनं घरात कडक शिस्त लावली होती. टँकरचं पाणी माठात, ते फक्त पिण्याला. टॉकीजची घागर न्हाणीच्या कट्ट्यावर, ती भांड्यांना, अंग पुसायला आणि पूजेला. पाण्याला किंचित पिवळी झाक होती, शेवाळाचा वास होता, पण ते कोण पिणार होतं? लेकरांना तिनं बजावलं होतं, त्या घागरीला तोंड लावलं तर तंगडी तोडीन. लेकरांनी ऐकलं. घरातल्या कोणीच त्या पाण्याचा घोट घेतला नाही, अशी नीलाबाईची खात्री होती. रेवणसिद्धाचीही होती.

एका पहाटे अव्वाला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. सरकारी दवाखान्यात खाटा भरल्या होत्या, तिला जमिनीवर सतरंजी टाकून सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. "कुठलं पाणी पितात?"

"जे आम्ही पितो तेच. टँकरचं," रेवणसिद्ध म्हणाला.

"बाकी घरात कोणाला त्रास?"

"न्हाई."

"मग बाहेर काही खाल्लं?"

"म्हातारी उंबऱ्याच्या बाहेर पडत न्हाई, साहेब."

डॉक्टरनं खांदे उडवले. सलाईननं जरा उतार पडला. दुसऱ्या दिवशी अव्वानं हट्ट धरला, मला घरी न्या, इथं माझी पूजा होईना, इथं मी पाणी पिणार नाही. तिच्या हट्टापुढं कोणाचं चाललंय? रिक्षात घालून घरी आणली.

सकाळी नीलाबाईनं तिला भिंतीला टेकवून बसवलं. गडू भरून दिला. अव्वाच्या हाताला थरथर सुटली होती, म्हणून रेवणसिद्ध समोर बसला आणि त्यानं तिचा हात खालून धरला. एरवी या वेळेला तो छापखान्यात असायचा. आईची पूजा त्यानं लहानपणानंतर आज पहिल्यांदा जवळून पाहिली. अव्वानं डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. पाणी घातलं. भस्म लावलं. ओठ हलत होते. पूजा झाली, लिंग उचलून तिनं गळ्यातल्या वस्त्रात बांधलं. तळहाताच्या खळग्यात पाणी साचलं होतं. तिनं हात तोंडाशी नेला आणि तीर्थ प्यायली. घोट घोट, शेवटचा थेंबसुद्धा चाटून. मग खालच्या ताटलीत निथळलेलं उरलेलं तीर्थही तोंडाला लावलं.

रेवणसिद्धानं नीलाबाईकडं पाहिलं. नीलाबाईच्या हातातून चिमटा पडला.

"अव्वा," ती कशीबशी बोलली, "तुम्ही... तीर्थ रोज घेता?"

"म्हंजी? लिंगावरून उतरलेलं पाणी काय मोरीत टाकायचं असतंय?"

पिवळी घागर न्हाणीच्या कट्ट्यावर होती. तिला कोणी तोंड लावलं नव्हतं. देवाच्या पाण्याला पाणी म्हणायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत अव्वा गेली. दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली होती, ती दारात उभीच राहिली.

सकाळी गल्ली जमली. रिवाजाप्रमाणे अव्वाला मांडी घालून भिंतीशी बसती ठेवली होती, दोरीनं सावरून. स्वामी आले. खड्डा खणायला माणसं गेली होती. आता आंघोळ घालायची, भस्म लावायचं, बेलाची माळ घालायची आणि बसत्या पालखीत न्यायचं. आंघोळीला पाणी कुठलं, हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टॉकीजची टाकी भरणारा टँकर येऊन थांबला. मागून शिवमूर्ती अप्पा, डोळे खरोखर लाल झालेले. "अव्वाच्या शेवटच्या आंघोळीला पाणी कमी पडू देणार न्हाई मी. उरलेलं गल्लीनं घ्या."

पुढचं सगळं त्याचे शब्द संपायच्या आत घडलं. मयताला आलेली माणसं फिरली. बायकांनी डोळ्यांना लावलेले पदर कमरेला खोचले. घागरी, कळशा, डबे, लोट्या, कढया, जे हाताला लागेल ते घेऊन गल्ली टँकरवर तुटून पडली. भिंतीशी अव्वा एकटी बसली होती. शेजारी स्वामी.

रेवणसिद्ध टँकरकडं धावला. "पिऊ नका! ऐका, पिऊ नका हे! ह्या पाण्यानं माझी आई गेली!"

केवळाबाईनं कळशी नळाखाली धरूनच मागं पाहिलं. "ह्या पाण्यानं? तुम्ही रोज नेत होताव की घागर. तवा चांगलं होतं व्हय?"

"खराब हाय! पडक्या आडाचं हाय, कूलरचं!"

"आम्ही उकळून पिऊ," कोणीतरी म्हणालं.

"कशानं उकळशील? जळण हाय का घरात?" रेवणसिद्धानं विचारलं.

"रेवण," अप्पा जवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "पिऊ नका म्हणलतो का न्हाई मी तुला? म्हणलतो का न्हाई?"

म्हणला होता. अप्पा खोटं बोलत नव्हता, आणि गल्लीत खोटं लिहिलेला माणूस एकच होता.

"पिक्चरवर लिहिणाऱ्याचं काय ऐकता?" मागून एक पोरगा ओरडला. "तो म्हणाला बघा, तर भंगार निघालं. तो म्हणतोय पिऊ नका, म्हंजी पाणी गोड असणार!"

काहीजण हसले. मयताच्या घरापुढं हसले. रेवणसिद्धानं टँकरच्या मागचा, पाणी सोडायचा मोठा कोक धरला आणि सगळा जोर लावून फिरवला. पाणी धबाधबा रस्त्यावर आलं. धुळीत घुसलं, गटाराकडं धावलं. गल्लीनं एक आवाज काढला, जसा जनावर कापताना निघतो तसा. बायका ओंजळी घेऊन चिखलात बसल्या. पुरुष रेवणसिद्धावर आले. कोणी गचांडी धरली, कोणी पाठीत बुक्क्या घातल्या, कोणाची तरी कळशी त्याच्या तोंडावर बसली. शेवटी शिवमूर्ती अप्पानंच मधे पडून त्याला ओढून काढलं आणि ड्रायव्हरला कोक बंद करायला लावलं. अर्धा टँकर गेला होता. उरलेला गल्लीनं भांडून भांडून वाटून घेतला.

रेवणसिद्ध घरात आला तेव्हा ओठ फाटला होता, सदऱ्याची बाही लोंबत होती. नीलाबाई अव्वापुढं बसली होती. तिनं माठ मधोमध आणून ठेवला होता. आज लेकरांना प्यायला जेवढं होतं तेवढंच त्यात होतं.

"नीला, लेकरं..."

"त्या अप्पाच्या टँकरचं पाणी अव्वाच्या अंगाला लावू देणार न्हाई मी," ती म्हणाली. "लेकरांचं बघू मागनं. धरा."

त्यानं माठ धरला. तिनं वाटी वाटीनं पाणी काढलं, अव्वाचा चेहरा धुतला, हात धुतले, डावा तळहात उघडून त्याच्या रेघा बोटानं घासून घासून धुतल्या. धाकटं लेकरू दारात उभं राहून पाणी पाणी करत होतं. स्वामींनी मंत्र म्हटले, भस्म लावलं, लिंग अव्वाच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

पालखी उचलायची वेळ आली. ज्यांनी रेवणसिद्धाला मारलं होतं तेच चौघे पुढं झाले, कारण गल्लीत खांदा द्यायला दुसरं होतं कोण? त्यांच्या ढोपरांपर्यंत चिखल होता. एकानं नजर न मिळवता रेवणसिद्धाच्या हातात पालखीचा पुढचा दांडा दिला. केवळाबाई आपल्या घरातून बाहेर आली. तिच्या दोन्ही कळशा आत भरून ठेवलेल्या होत्या, त्यावर ताटल्या झाकलेल्या.

"चल रे रेवण," ती म्हणाली, "उचल आता. उन्हं चढायलीत."

त्यानं दांडा खांद्यावर घेतला. ओल्या रस्त्यावर पाय घसरत होते, म्हणून सगळे जपून चालले.